७२ फ्लॅट, रोज ५२ युनिट पाणी: उन्हाळ्याआधी सुरुवात कुठून करावी?

लेआउट_सचिव
नमस्कार मंडळी. पश्चिम नागपुरातली तीन विंगांची सोसायटी आहे. प्रत्येक विंग तळमजला अधिक सहा, एकूण ७२ फ्लॅट, राहणारे साधारण २९०. मनपाची एकच नळजोडणी आहे. पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत (६ × ४ मीटर) उतरतं, तिथून पंपाने प्रत्येक विंगच्या गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीत (४ × २.५ मीटर) चढतं. जानेवारीत मुख्य मीटरवर रोजची सरासरी ५२ युनिट निघाली (१ युनिट म्हणजे १,००० लिटर). एक बोअर आहे, तो एप्रिलच्या शेवटी दम सोडतो.

मार्चच्या सभेत ठोस योजना मांडायची आहे. फ्लॅटवार मीटर लावावे अशी काहींची मागणी आहे, पण प्रत्येक फ्लॅटमध्ये चार ठिकाणी वेगळे उभे पाईप येतात. काहींना सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तासच पाणी सोडायचं आहे. तिसरा गट म्हणतो, आधी रेन हार्वेस्टिंग. तीनही गच्च्या मिळून ९०० चौरस मीटर होतात. चौथा प्रश्न दंडाचा: जास्त वापरणाऱ्याला दंड लावला तर लोक सुधरतात का? अनुभवी लोकांनी आकड्यांसकट सांगावं.

नळ_आणि_नोंद
५२,००० लिटर भागिले २९० म्हणजे माणशी १७९ लिटर. सांडपाण्याची गटारव्यवस्था असलेल्या शहरांत नळयोजनेसाठी माणशी १३५ लिटर धरतात. त्या हिशेबाने तुमचं भागायला ३९ युनिट पुरेत. वरचे १३ युनिट कुठे जातात हे कळल्याशिवाय कोणताही नियम करू नका. लोकांना 'पाणी जपा' सांगायचं आणि टाकी रात्रभर गळत ठेवायची, हे चालत नाही. माणसं ऐकत नाहीत, आणि त्यांचं चूकही नसतं.

पहिलं काम रात्रीच्या चाचणीचं, आणि ते याच महिन्यात करा. कूलर सुरू झाले की रात्रीचा खरा वापर वाढतो आणि गळती त्यात लपते. रात्री साडेबाराला तीनही टाक्या भरून पंप बंद करा. एक वाजता प्रत्येक टाकीत पट्टी उभी धरून पाण्याची पातळी लिहा, चार वाजता पुन्हा लिहा. तुमच्या गच्चीवरच्या टाकीचं क्षेत्रफळ १० चौरस मीटर आहे, म्हणजे १ सेंटिमीटर उतार म्हणजे १०० लिटर. दुसऱ्या रात्री हीच मोजणी टाकीचे खाली जाणारे सगळे व्हॉल्व्ह बंद करून करा. पातळी तरीही उतरली तर दोष टाकीत किंवा टाकीला जोडलेल्या पाईपांत. नाही उतरली तर पाणी फ्लॅटांमध्ये जातंय.

जमिनीखालच्या टाकीचंही असंच. तिचं क्षेत्रफळ २४ चौरस मीटर, १ सेंटिमीटरला २४० लिटर. मनपाकडून येणारा व्हॉल्व्ह आणि पंप दोन्ही बंद करून तीन तास पाहा. इथे उतारासोबत चढही पाहायचा. पावसाळ्यात जवळची जमीन भिजलेली असताना पातळी वाढली, तर बाहेरचं पाणी आत येतंय आणि तो थेट आरोग्याचा प्रश्न आहे.

फ्लॅटवार मीटरबद्दल. चार उभे पाईप म्हणजे ७२ घरांना २८८ मीटर, शिवाय वाचन, बिघाड, बदली. हे टिकत नाही. वर १५ मिमीचा साधा ब श्रेणीचा मीटर ताशी ३० लिटरच्या खालचा प्रवाह विश्वासाने मोजतच नाही. फ्लशची बारीक गळती नेमकी त्याच्या खाली बसते. मग फ्लॅटांची बेरीज मुख्य मीटरशी जुळत नाही आणि सभेत भांडण त्या फरकावरूनच होतं. त्यापेक्षा विंगवार तीन मीटर लावा. ते टाकीतून खाली येणाऱ्या पाईपवर लावू नका. तिथे दाब कमी असतो, मीटर आणखी दाब खातो आणि सहाव्या मजल्यावरचा शॉवर बारीक होतो. पंपातून वर जाणारी लाइन तीन विंगांत फुटते, त्या फाट्यानंतर बसवा. मीटर आडवा, पाणी मीटरमध्ये शिरण्याआधी जाळीचा गाळणा, आणि पाईप नेहमी भरलेला राहील अशा जागी. रिकाम्या पाईपमधली हवा पंप सुरू झाल्यावर चक्र फिरवते आणि न आलेलं पाणी नोंदलं जातं.

दोन-दोन तासांच्या पुरवठ्याला माझा स्पष्ट विरोध आहे. पाणी जाणार म्हटल्यावर प्रत्येक घर ड्रम, पिंप, बादल्या भरतं, आणि दुसऱ्या दिवशी ताजं आलं की 'शिळं' म्हणून मोरीत ओततं. कोरडा नळ उघडा राहतो आणि पाणी आल्यावर कोणी घरात नसलं तरी वाहत राहतो. झाकलेल्या स्वच्छ भांड्यातलं नळाचं पाणी एका रात्रीत खराब होत नाही, पण हा समज उपदेशाने जात नाही. पाणी कायम मिळेल याचा भरवसा आला की साठवणही थांबते आणि ओतणंही.

त्याऐवजी खालच्या मजल्यांच्या नळांचा प्रवाह कमी करा. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब वाढतो. तळमजल्यावरचा नळ मिनिटाला १५-१८ लिटर सोडतो, सहाव्यावरचा जेमतेम ५-६. तळ ते तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या बेसिन आणि स्वयंपाकघराच्या नळांना जाळीचे एरेटर लावले की प्रवाह ४-६ लिटरवर येतो. वरच्या मजल्यांना लावू नका, तिथे तक्रारीच येतील. बादली भरायच्या नळालाही लावू नका, बादली २० लिटरचीच राहते, फक्त वेळ जास्त लागतो. जाळीत लाइनमधला बारीक कचरा अडकतो, महिन्यातून एकदा काढून व्हिनेगरमध्ये भिजवायची. हे सांगितलं नाही तर लोक जाळी काढून फेकतात.

कूलर_मिस्त्री
वरचं सगळं मान्य, पण नागपुरात पाण्याची गोष्ट कूलरशिवाय पुरी होत नाही. एप्रिल-मेमध्ये ४३-४४ अंशात कोरड्या हवेत मोठा लोखंडी कूलर तासाला १० ते २० लिटर पाणी उडवतो. हे वाया जात नाही, त्याचीच तर थंडी मिळते. वाया जातं ते वेगळं.

आधी मोजायला शिकवा. कूलरची टाकी ६० × ६० सेंटिमीटर असेल तर १ सेंटिमीटर म्हणजे ३.६ लिटर. आत भरणारा नळ बंद करा, कूलर दहा मिनिटं चालवून ताट्या (बाजूचे पाणी धरणारे पॅड) ओल्या होऊ द्या, पातळीवर खूण करा, तासाभराने पाहा. ४ सेंटिमीटर उतरलं तर साडेचौदा लिटर. रात्रभर पंप आणि पंखा दोन्ही बंद ठेवून पुन्हा पाहा. तेव्हाही उतरलं तर पत्रा गंजून कोपऱ्यातून पाझरतोय. कोपरे तारेच्या ब्रशने घासून, पूर्ण वाळवून, आतून डांबरी रंगाचे दोन हात मारा. ओल्या पत्र्यावर रंग धरत नाही, म्हणून हे काम मार्चमध्येच.

सगळ्यात मोठी नासाडी नळीने भरताना होते. अर्ध्या इंची नळी मिनिटाला १५ लिटर देते. दहा मिनिटं विसरलं की १५० लिटर गॅलरीतून खाली. याला इलाज एकच, प्रत्येक कूलरला फ्लोट व्हॉल्व्ह. गोळा असा वाकवा की पाणी सांडव्याच्या भोकापासून ४-५ सेंटिमीटर खालीच थांबेल. पंप बंद केल्यावर ताट्यांमधलं पाणी खाली उतरतं, तेवढी जागा रिकामी लागतेच. बोअरच्या पाण्यावर व्हॉल्व्हच्या तोंडाशी पांढरा थर धरतो आणि तो अर्धवट उघडा अडकतो. दर पंधरवड्याला गोळा वर-खाली हलवून पाहायचा.

क्षाराचं गणित लोकांना माहीतच नसतं. बोअरचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ८०० असेल आणि तासाला १५ लिटर उडत असतील, तर तासाला १२ ग्रॅम क्षार मागे राहतो. तो ताटीत बसला की हवा जात नाही, खोली थंड होत नाही आणि माणूस पाणी वाढवतो. म्हणून जमेल तिथे कूलरला नळाचं पाणी द्या आणि बोअरचं फ्लशला वळवा. सततचा निचरा नको, आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा. त्या वेळी आतल्या भिंती ब्रशने घासायच्या. डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटतात, कोरड्यातही तग धरतात आणि नुसतं पाणी बदलून जात नाहीत. काढलेलं पाणी पार्किंग धुवायला वापरा. खारट असतं, कुंड्यांना घालू नका.

आणि समोरची खिडकी चार बोटं तरी उघडी हवी. बंद खोलीत कूलर दमट हवाच फिरवतो. जूनअखेर पाऊस लागला की पंप बंद, नुसता पंखा. दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, अंग तेवढं चिकट होतं.

लेआउट_सचिव
आभार. रात्रीची चाचणी झाली. एक ते चार या वेळेत अ विंग २ सेंटिमीटर, ब विंग ७, क विंग ३. व्हॉल्व्ह बंद करून अ आणि क स्थिर राहिल्या, ब मात्र ३ सेंटिमीटर उतरली. जमिनीखालची टाकी स्थिर. आता पुढे?

नळ_आणि_नोंद
अ विंगचे २ सेंटिमीटर म्हणजे २०० लिटर, २४ घरांत घरटी आठ लिटर. तीन तासांत घरटी एक-दीड फ्लश. हा खरा वापर समजा आणि बाकीच्यांना हेच माप लावा. मग ब मध्ये ५ सेंटिमीटर आणि क मध्ये १ सेंटिमीटर जास्तीचे निघतात. एकूण ६०० लिटर तीन तासांत, तासाला २००, दिवसाला ४,८००. जवळपास पाच युनिट रोज कोणी न वापरता जातात.

ब ची टाकी आधी. ३ सेंटिमीटर, म्हणजे तासाला १०० लिटर तिथेच जातंय. टाकी धुण्याचा निचरा व्हॉल्व्ह पाहा. त्याची रबरी चकती कडक होते आणि त्याचा पाईप थेट पावसाच्या नळीत सोडलेला असला तर गळती कोणालाच दिसत नाही. मग पाईप भिंतीतून बाहेर येतात तिथला सिमेंटचा सांधा पाहा. तिसरी शक्यता पंपाकडून येणाऱ्या पाईपची. तो टाकीत तळाजवळून शिरत असेल आणि खालचा उलटरोधक व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, तर पाणी मुकाट्याने परत खाली उतरतं. पण तसं असतं तर त्या रात्री खालच्या टाकीची पातळी सव्वा सेंटिमीटर चढायला हवी होती. ती स्थिर आहे, म्हणून मी निचरा व्हॉल्व्ह आणि सांध्यावर लक्ष देईन.

ब मध्ये उरलेले २ सेंटिमीटर आणि क मधला १, हे फ्लॅटांमधलं. इथे संशयित एकच, फ्लशची टाकी. टाकीत कपड्यांची नीळ चमचाभर टाका, पंधरा-वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात निळं उतरलं तर तळाचा रबरी वॉशर गेला. भांड्यात रंग नाही, पण टाकीतलं पाणी मधल्या नळीच्या तोंडापर्यंत आलेलं असेल, तर फ्लोट खाली घ्या. रविवारी सकाळी सोसायटीच्या खर्चाने प्लंबर आणि वॉशरचा डबा घेऊन एकेका मजल्यावर फिरवा. घरमालकाने स्वतः बोलवावा अशी अपेक्षा ठेवली की अर्धी घरं राहतात. टपकत्या नळाखाली २५० मिलीचा ग्लास ठेवा. पंधरा मिनिटांत भरला तर दिवसाला २४ लिटर. हे डोळ्यांनी पाहिल्यावर कोणी नाही म्हणत नाही.

मुरूम_माती
रेन हार्वेस्टिंगचा हिशेब आता मांडतो, कारण वरचा आकडा माहीत असल्याशिवाय त्याला अर्थ नव्हता. नागपूरला वर्षाला साधारण १,१०० मिमी पाऊस. ९०० चौरस मीटर गच्ची, १,००० मिमी धरून आणि ८० टक्के हाती लागलं मानून ७२० युनिट. तुमच्या आजच्या वापराने हे चौदा दिवसांचं पाणी आहे. तुमची गळती वर्षाला १,७५० युनिटांच्या घरात जाते. म्हणून क्रम गळती, कूलर, मग पाऊस. पण पाऊस सोडू नका, कारण तो तुमच्या बोअरचा एप्रिल वाचवू शकतो.

पश्चिम नागपूर काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर बसलेलं आहे आणि वर काळी माती. काळी माती भिजली की फुगते आणि तिच्या भेगा मिटतात. चार फुटांचा खड्डा खणून विटांचे तुकडे भरले की हार्वेस्टिंग झालं असं समजणारे खूप. जुलैत त्या खड्ड्यात पाणी तसंच उभं राहतं. खड्डा मुरुमात उतरलाच पाहिजे. तिथवर खणल्यावर तळाशी हातभर खोल छोटा खड्डा करा, रात्रभर पाण्याने भिजू द्या, सकाळी पुन्हा भरून तासात किती उतरतं ते मोजा. २० मिमीपेक्षा कमी उतरलं तर ती जागा सोडा.

एका विंगची गच्ची ३०० चौरस मीटर. तासाला ६० मिमीच्या जोरदार सरीत तिथून मिनिटाला ३०० लिटर येतात. बाजारातला लहान फिल्टर एवढं पेलत नाही आणि पाणी बाजूने उलटून जातं, म्हणून घेताना दुकानदाराला हाच आकडा विचारा. खड्ड्यात पंधरा मिनिटांची अशी सर मावायला हवी, साधारण ४,५०० लिटर. दगड-गिट्टीत पोकळी ४० टक्केच मिळते, तेव्हा खड्डा २ × २ मीटर आणि भरण २.८ मीटर उंच. तळाला मोठे दगड, मधे गिट्टी, वर जाडी रेती, रेतीखाली नायलॉनची जाळी. रेती वरच हवी, कारण गाळ तिच्यावर अडतो आणि मेच्या शेवटी वरचे दोन-तीन इंच खरवडून बदलता येतात. इमारतीच्या पायापासून किमान ५ मीटर लांब. काळी माती पायाजवळ फुगली-आकसली की भिंतीला तडे जातात.

गच्चीची पहिली धुणावळ आत जाऊ देऊ नका. पहिल्या २ मिमी पावसाचे ६०० लिटर होतात. विकत मिळणारी दहा-वीस लिटरची 'पहिला पाऊस' नळी इथे कामाची नाही. प्रत्येक उतरत्या पाईपला दोन व्हॉल्व्ह लावा, एक नालीकडे, एक खड्ड्याकडे. मृगाच्या पहिल्या एक-दोन सरी नालीला सोडायच्या, आणि मधे आठ-दहा दिवस उघडीप पडली की पुन्हा तसंच. व्हॉल्व्ह कोणी फिरवायचा, हे चौकीदाराच्या कामाच्या यादीत लिहून ठेवा. हार्वेस्टिंग बंद पडतं ते बहुतेक इथेच.

बोअरमध्ये गच्चीचं पाणी वरून थेट सोडू नका. बोअरभोवती खड्डा करून, केसिंगच्या (बोअरमधल्या बाहेरच्या पाईपच्या) त्या भागाला भोकं पाडून, वर जाळी गुंडाळून, गाळलेलं पाणीच आत जाऊ द्या. पार्किंगचं तेलकट पाणी तर अजिबात नको. आवारात जुनी विहीर असेल तर ती पहिली निवड. पाईप पाण्याच्या पातळीजवळपर्यंत खाली न्या, वरून पडणारी धार विहिरीचा काठ खाते. ब्लिचिंग पावडर १,००० लिटरला २.५ ग्रॅम. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी म्हणजे २८,००० लिटर, ७० ग्रॅम पुरे. बादलीत कालवून, गाळ बसू देऊन, वरचं निवळ पाणी सोडायचं.

एक सांगून ठेवतो. जिरवलेलं पाणी तुमच्या प्लॉटखाली थांबत नाही, खडकाच्या भेगांतून शेजाऱ्याकडेही जातं. सभेत 'आपल्या बोअरचं पाणी दुप्पट होईल' असं वचन देऊ नका.

संत्रानगरी_जल
शहराच्या बाजूने थोडं. आपलं पिण्याचं पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येतं, थोडं गोरेवाडा तलावातून. २०१९ मध्ये पेंचवरचं तोतलाडोह धरण आटलं तेव्हा जुलैत एक दिवसाआड पाणी आलं, ते सभेतल्या प्रत्येकाला आठवत असेल. मनपाचा दर टप्प्याटप्प्याने चढता आहे, जास्त वापराला युनिटमागे जास्त पैसे. पण एकच जोडणी असलेल्या सोसायटीत ही किंमत घरापर्यंत पोहोचतच नाही, बिल देखभाल खर्चात विरघळतं. म्हणून पावतीवर पाण्याची रक्कम वेगळी ओळ म्हणून छापा आणि शेजारी विंगचा माणशी लिटरचा आकडा द्या. हे तीन विंग-मीटर बसले की लगेच करता येतं.

दंडाबद्दल: फ्लॅटवार मोजमाप नाही, तेव्हा दंड कोणाला लावणार? नावं फलकावर लिहिणंही नको, घरात आजारी माणूस किंवा तान्हं बाळ असलं की वापर वाढतो. दर सोमवारी लिफ्टशेजारी तीन आकडे लिहा: विंग अ, ब, क, माणशी रोज किती लिटर. खाली १३५ ची रेघ. ज्या आठवड्यात आकडा चढेल त्या आठवड्यात रात्रीची चाचणी पुन्हा. लोकांना शेजारच्या विंगचा आकडा दिसतो, तेवढी चढाओढ पुरते.

घरात प्रत्यक्ष पाणी वापरणाऱ्या मावशींना सभेला बोलावत नाही, हे चुकतं. भांडी वाहत्या नळाखाली की टबात, फरशी दोन बादल्यांत की चार, हे त्यांच्या हातात असतं. त्यांच्याशी त्यांच्या वेळेला, सकाळी अकराच्या सुमारास, मानाने बोला, आणि टब सोसायटीने द्या.

आरओ यंत्रांचाही विचार करा. अशुद्ध म्हणून सोडलेलं पाणी शुद्धापेक्षा जास्त असतं, लिटरमागे दोन-तीन लिटर सहज. दोन बाटल्या लावून प्रत्येक घराला मोजायला सांगा. नळाचा टीडीएस ५०० च्या खाली असेल, आणि धरणाच्या पाण्याचा तो सहसा बराच खाली असतो, तर आरओची गरजच नाही, साधा गाळणी-यूव्ही फिल्टर चालतो. ज्यांना ठेवायचाच आहे त्यांनी ती नळी बादलीत सोडून ते पाणी फरशी पुसायला घ्यावं.

कायद्याचं एक: राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटवर नवीन बांधकाम किंवा वाढीव बांधकाम करताना पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. इमारत दुरुस्तीसोबत काही वाढवणार असाल तर आराखड्यात खड्डा आत्ताच दाखवा. आणि आवारात बैठी घरं असतील तर टुल्लू पंप थेट नळाच्या लाइनवर कोणी लावत नाही ना ते पाहा. लाइनमध्ये पोकळी तयार झाली की जिथे सांधा सैल तिथून बाजूच्या नालीचं पाणी आत ओढलं जातं, आणि ते सगळ्या गल्लीला प्यावं लागतं.

मुरूम_माती
वरच्यात एक भर. पावसाळ्यात गच्चीचं गाळलेलं पाणी जिरवण्याआधी एका विंगपुरतं फ्लशच्या उभ्या पाईपला जोडता येतं का पाहा. तुमचे चार पाईप वेगळे आहेत, ती इथे सोय आहे. गच्चीवर फ्लशसाठी ५,००० लिटरची वेगळी प्लास्टिक टाकी ठेवा, पावसाळ्यात गच्चीचं आणि उन्हाळ्यात बोअरचं पाणी तिच्यात. मात्र ठेवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारा, भरलेल्या टाकीचं वजन पाच टन होतं. गच्चीचं पाणी गच्चीवरच्याच टाकीत आपोआप चढत नाही, ते खालच्या एका लहान टाकीत घेऊन छोट्या पंपाने वर न्यावं लागेल. आणि पिण्याच्या पाईपशी या लाइनचा एकही सांधा नको, मधे व्हॉल्व्ह असला तरी नको. व्हॉल्व्ह गळतातच. दोन्ही पाईपांना वेगळा रंग मारा, म्हणजे पुढच्या प्लंबरची चूक होणार नाही.